फोटोतलं झाड आणि घरातलं पाणी : शिरवळच्या फिशटँकमध्ये खरी झाडं का टिकत नाहीत?

पुण्याच्या दुकानातून आणलेली पिशवी. आत हिरवीगार, लालसर पानांची चार-पाच झाडं, ओल्या कागदात गुंडाळलेली. महामार्गाने तास-दीड तासात ती शिरवळला पोहोचतात, संध्याकाळी टँकमध्ये लागतात, रात्री फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. आठवड्याने पानं पारदर्शक व्हायला लागतात. पंधरा दिवसांनी देठ बोटात चुरगळतो, पाण्याला वास येतो आणि एखाद-दोन मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "प्लास्टिकची आणली असती तर काय बिघडलं असतं?"

बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. झाड फोटो बघून निवडलेलं असतं आणि टाकलेलं असतं शिरवळच्या पाण्यात. गडबड इथे होते.

गेल्या काही वर्षांत शिरवळ आणि आसपास औद्योगिक वसाहतीमुळे नवीन इमारती उभ्या राहिल्या. नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांच्या हॉलमध्ये दोन फुटी टँक आता नवलाचा राहिलेला नाही. माशांची माहिती दुकानदार देतो. पण खरी झाडं वाढवायची असतील तर पहिला प्रश्न वेगळाच आहे.

तुमच्या टँकमध्ये पाणी कुठलं?

शिरवळ नीरेच्या काठावर आहे. नदी सह्याद्रीतून, भोरच्या बाजूने येते. जोराच्या पावसाचं आणि धरणांत साठलेलं हे पाणी तुलनेने मऊ असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. बोअरचं पाणी मात्र बेसाल्टच्या भेगांमधून, मुरमातून झिरपत खाली गेलेलं असतं. वाटेत ते क्षार घेत जातं. एकाच गावात नळाचं पाणी एक आणि सोसायटीच्या बोअरचं दुसरंच निघू शकतं. टँकर आला तर तिसरंच.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडावर, स्टीलच्या बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो का? साबणाला फेस कमी येतो का? मग पाणी जड आहे. पेनासारखा टीडीएस मीटर ऑनलाइन मिळतो, पण तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम किती, हे तो सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघण्याचं हार्डनेसचं किट घ्यावं लागतं.

इथे एक गंमत बऱ्याच जणांना चकवते. काही इमारतींमध्ये वॉटर सॉफ्टनर बसवलेला असतो. तो कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, टीडीएस मात्र जवळपास तेवढाच राहतो. मीटरवरचा आकडा बघून 'सॉफ्टनर बंद पडलाय' म्हणण्यात अर्थ नाही आणि हे पाणी झाडांना मानवेल असं समजण्यातही नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे झाडांचं अन्नच आहे. सॉफ्टनरच्या पाण्यात ते नसतं आणि सोडियम जास्त असतं. शक्य असेल तर टँकसाठी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्यावं.

नळाच्या पाण्याचा आणखी एक मुद्दा क्लोरीनचा. गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडते, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की जास्तच. झाडं थोडंफार सोसतात, माशांचे कल्ले सोसत नाहीत. पाणी उघड्या टबमध्ये चोवीस तास ठेवून, शक्यतो एअर पंप लावून, मगच टँकमध्ये घालायचं. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध.

जड पाणी म्हणजे झाडं बंद, असं नाही

जड पाण्याला लोक उगाच घाबरतात. झाडाला वाढायला कार्बन लागतो. हवेतल्या झाडाला तो कार्बन डायऑक्साइडमधून मिळतो. पाण्यात हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यामुळे पाण्याखालचं झाड कायमच कार्बनला भुकेलेलं असतं. काही झाडांनी यावर मार्ग काढला आहे. ती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट या त्या गटातल्या. दुपारच्या प्रकाशात त्यांच्या पानांवर कधीकधी पांढुरका, खरखरीत थर दिसतो. तो रोग नाही. बायकार्बोनेट वापरलं गेल्यावर उरलेलं कॅल्शियम चुन्याच्या रूपात पानावर बसतं, गिझरच्या कॉइलवर बसतं तसंच.

म्हणजे बोअरचं पाणी असेल तर व्हॅलिसनेरिया ही पहिली निवड. लांब, रिबिनीसारखी पानं, जमिनीतून धुमारे काढत पसरणारी. खत, गॅस, महागडी लाइट, काहीच मागत नाही. तिच्या जोडीला क्रिप्टोकोरायनी वेन्डटाय ही श्रीलंकेतली तपकिरी-हिरवी जात, पश्चिम आफ्रिकेतला अनुबियस आणि आग्नेय आशियातलं जावा फर्न. या तिघांची वाढ हळू असते. अनुबियसला महिन्यातून एखादं पान आलं तरी खूश व्हायचं. पण मऊ-जड दोन्ही पाणी त्यांना चालतं आणि कमी प्रकाशात ती जगतात.

याउलट इंस्टाग्रामवर जी लाल-गुलाबी झाडं दिसतात, त्यातली रोटाला मॅक्रँड्रा मूळची आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली आहे. गावची म्हणून ती सोपी असेल, असं वाटतं. तिला मऊ पाणी, भरपूर प्रकाश आणि वरून सोडलेला कार्बन डायऑक्साइड लागतो. जड पाण्याच्या, साध्या लाइटच्या टँकमध्ये ती महिनाभरात गळून जाते. जमिनीवर हिरव्या गालिच्यासारखं पसरणारं 'एचसी क्युबा' याच वर्गातलं. ती हवीच असतील तर आरओचं पाणी मिसळून जडपणा कमी करावा लागतो, गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर घ्यावा लागतो. तो छंदाचा पुढचा टप्पा झाला. पहिल्या टँकमध्ये त्याचा हट्ट धरू नये.

दुकानातलं 'पाण्यातलं झाड' खरंच पाण्यातलं आहे का?

हा प्रश्न विचारला जात नाही आणि सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. टँकमध्ये बुडवून विकल्या जाणाऱ्या झाडांपैकी काही जमिनीवरची असतात. लकी बांबू हे सगळ्यांत ओळखीचं उदाहरण. तो बांबू नाही, मध्य आफ्रिकेतलं ड्रॅसिना आहे. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतील तर तो वर्षानुवर्षं जगतो. पूर्ण बुडवला की सडतो. पीस लिली, सिंगोनियम, जांभळ्या चुरगळलेल्या पानांचं 'पर्पल वॉफल' यांचंही तेच. बुडाल्यावर ती लगेच मरत नाहीत, साठवलेल्या अन्नावर तीन-चार आठवडे हिरवी राहतात. तोवर गिऱ्हाईक दुकानदाराला विसरलेलं असतं.

कारण साधं आहे. जमिनीवरच्या पानावर मेणासारखा थर असतो, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. हवेची देवाणघेवाण पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून होते. पाण्यात हे दोन्ही निरुपयोगी. पाण्याखालचं पान पातळ असतं, वायू थेट त्याच्या पृष्ठभागातून आत जातो आणि देठात हवेच्या पोकळ्या असतात. म्हणून हॉर्नवर्ट पाण्याबाहेर काढलं की ओल्या दोऱ्यासारखं लोंबतं.

मग लोंबतं ते पाण्यातलं आणि ताठ उभं राहतं ते जमिनीवरचं, असा नियम करायचा का? अर्धाच लागू पडतो. अनुबियस मुळातच ताठ आहे. शिवाय खरी जलवनस्पतीसुद्धा नर्सरीत बऱ्याचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तिथे ती लवकर वाढते आणि शेवाळ लागत नाही. तीही ताठच दिसते. त्यामुळे खात्रीचा उपाय एकच. झाडाचं नाव विचारायचं, दुकानाच्या दारातच फोनवर शोधायचं आणि ते पूर्ण पाण्याखाली वाढतं का, ते बघायचं. दुकानदाराला नाव सांगता आलं नाही तर ते झाड सोडून द्यायचं.

घेताना मुळाशी बघावं. पांढरी किंवा फिकट तपकिरी मुळं चांगली, काळी आणि मऊ असतील तर नको. पानांवर काळे केसाळ ठिपके दिसले तर ते शेवाळ तुमच्याही टँकमध्ये येणार. घरी आणल्यावर झाड फिकट गुलाबी रंगाच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहाएक मिनिटं ठेवून नीट धुवावं. गोगलगायींची पिल्लं बरीचशी जातात, चिकट अंडी मात्र बोटानं खरवडूनच काढावी लागतात.

पहिले तीन आठवडे झाड मरतंय असंच वाटतं

वर सांगितलेला नर्सरीचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. हवेत वाढलेली पानं पाण्यात काम करत नाहीत. झाड ती सोडून देतं आणि नवी, पाण्यासाठीची पानं काढतं. क्रिप्टोकोरायनी तर जागा बदलली तरी एका आठवड्यात सगळी पानं विरघळवून टाकते. छंद जोपासणारे याला 'मेल्ट' म्हणतात. नवखा माणूस इथेच घाबरतो, झाड उपटून फेकतो आणि मुळं मात्र जिवंत असतात.

सडलेली पानं कात्रीने कापून काढायची, मुळाला हात लावायचा नाही आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. मधोमध लहान टोकदार कोंब दिसला की काम झालं. पानं कापून काढणं मात्र टाळू नये. ती कुजली की अमोनिया तयार होतो आणि सुरुवातीला सांगितलेले मासे असेच मरतात.

अनुबियस आणि जावा फर्न लावताना एक चूक हमखास होते. त्यांचा आडवा जाड खोड-कंद वाळूत पुरला जातो आणि कुजतो. ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची असतात. त्यासाठी आपला काळा दगड उत्तम, कारण बेसाल्टमुळे पाण्याच्या जडपणात फारसा फरक पडत नाही. फक्त त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे खडे असतील तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघावेत. फसफसलं तर तो चुन्याचा प्रकार, तो दगड नको. हीच चाचणी वाळूला आणि बारीक खडीलाही लावावी. संगमरवराचे पांढरे तुकडे दिसतात छान, पण पाणी हळूहळू जड करत राहतात.

लाइट किती आणि किती वेळ?

'जास्त प्रकाश म्हणजे जास्त वाढ' हे शेताला लागू पडतं, टँकला नाही. झाडाला प्रकाश, कार्बन, नत्र, पालाश, लोह असं बरंच काही लागतं आणि वाढ ठरते ती यांपैकी जे सगळ्यांत कमी असेल त्यावर. ज्या पिंपाच्या फळ्यांची उंची कमी-जास्त आहे, त्यात पाणी सगळ्यांत आखूड फळीपर्यंतच भरतं. घरच्या टँकमध्ये आखूड फळी बहुधा कार्बनची असते. तिथे लाइट दुप्पट केली तर झाड वाढत नाही, उरलेला प्रकाश शेवाळ खातं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावतं. वर सांगितलेल्या सोप्या झाडांना लिटरमागे दहा ते वीस ल्युमेन हा साधारण अंदाज पुरतो. म्हणजे सातशे-आठशे ल्युमेनची पांढरी एलईडी पट्टी झाली. बॉक्सवर वॅट मोठ्या अक्षरात आणि ल्युमेन बारीक अक्षरात असतात, बारीक अक्षर वाचावं. सुरुवातीला दिवसाला सहा तास, झाडं रुजल्यावर आठ. हे हाताने जमत नाही. टायमरचा प्लग लावावा. खिडकीतलं ऊन फुकट असलं तरी टँकवर घेऊ नये. ते मोजता येत नाही, पाणी तापवतं आणि काच हिरवी करतं.

झाड, मासा आणि प्रकाश यांचा हा हिशेब नवा नाही. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 साली साधारण बारा गॅलनच्या, म्हणजे आपल्या दोन फुटी टँकइतक्याच काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक व्हॅलिसनेरिया ठेवली. पाणी न बदलता मासे किती टिकतात, हे त्यांना बघायचं होतं. झाडाची जुनी पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि गाडी रुळावर आली. 1850 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि घरगुती ॲक्वेरियमची कल्पना तिथून पसरली. त्यांची व्हॅलिसनेरिया हीच बोअरच्या पाण्यात बिनतक्रार वाढणारी आपली व्हॅलिसनेरिया. दुकानदार तिला स्वस्त म्हणून कोपऱ्यात ठेवतात.

खत घरात आहे, पण ते वापरू नका

शिरवळच्या आसपास बऱ्याच घरांत शेतीही असते. युरियाची किंवा 19:19:19ची पिशवी हाताशी असते आणि चिमूटभर टाकून बघायचा मोह होतो. टाकू नका. युरियाचं पाण्यात अमोनियात रूपांतर होतं. 19:19:19 मधल्या नत्राचाही मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. शेतात माती हे झेलते, टँकमध्ये मासा थेट त्यात पोहत असतो. आणि बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो, कारण सामू वाढला की त्याचा घातक प्रकार वाढतो.

मासे असलेल्या टँकमध्ये नत्र आणि स्फुरद त्यांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून बऱ्यापैकी मिळतं. कमी पडतं ते पालाश आणि लोह. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे, जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर पालाश. त्यासाठी ॲक्वेरियमचंच नत्र-स्फुरद नसलेलं द्रवखत घ्यावं आणि बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्यापासून सुरुवात करावी. क्रिप्टोकोरायनी मुळातून खाते. तिच्या मुळाशी रूट टॅब म्हणजे खताची गोळी पुरावी. अनुबियसच्या मुळाशी पुरून उपयोग नाही, तो दगडावर बसलेला आहे.

उन्हाळा आणि गेलेली लाइट

खंबाटकी घाटाच्या अलीकडचा हा पट्टा पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलमधला टँक दुपारी तिशीच्या पुढे जातो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 25 अंशांना लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. दुसरीकडे माशांची गरज मात्र वाढलेली असते.

त्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. झाडं दिवसा ऑक्सिजन देतात, रात्री तीही ऑक्सिजन घेतात. गच्च झाडांच्या टँकमध्ये रात्री दोन वाजता लाइट गेली, एअर पंप बंद पडला, तर पहाटे पाचला ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसतात. घरी इन्व्हर्टर असेल तर टीव्हीच्या आधी एअर पंप त्यावर घ्यावा, त्याला चार-पाच वॅटच लागतात. नसेल तर बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावला असेल तर तो लाइटच्याच टायमरवर हवा. रात्री चालू राहिला तर तो मासे मारतो.

पाण्यावर तिरका टेबल फॅन लावला तर कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. पण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रोज बोअरचंच पाणी वरून घातलं तर मेअखेरीस टँकमधलं पाणी मूळ बोअरपेक्षाही जड झालेलं असतं. उडून गेलेल्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलताना नेहमीचं पाणी घ्यावं. आरओच्या मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं वेस्ट पाणी यासाठी चालत नाही, त्यात उलट जास्त क्षार असतात.

साताऱ्याचं स्वतःचं झाड, जे टँकमध्ये येत नाही

जलवनस्पतींच्या जगात साताऱ्याच्या नावाने एक झाड आहे, हे जिल्ह्यातल्याही अनेकांना माहीत नसतं. ॲपोनोजेटन सातारेन्सिस, मराठीत वायतुरा. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला नाजूक तुरा, पावसाळ्यात कास पठारावरच्या उथळ पाण्यातून वर आलेला. 1982 साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. उत्तर पश्चिम घाटातल्या मोजक्या पठारांपलीकडे ते जगात कुठेही नैसर्गिकपणे आढळत नाही.

ॲक्वेरियमच्या दुकानात 'ॲपोनोजेटन बल्ब' नावाचे सुपारीएवढे कंद मिळतात. ते सहसा श्रीलंका-भारतातल्या क्रिस्पस जातीचे किंवा तिच्या संकराचे असतात, वाढायला सोपे आणि बिनधास्त घ्यावेत असे. वायतुरा त्यांचा नातेवाईक आहे म्हणून पठारावरून कंद उपटून आणण्याचा विचार मात्र मनात आणू नये. एक तर तो गुन्हा ठरू शकतो. कास हे 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि तिथली झाडं तोडायला, उपटायला बंदी आहे. दुसरं म्हणजे ते जगणारच नाही. वायतुऱ्याचं वर्ष पठाराच्या तालावर चालतं. पावसात पानं आणि तुरा, पाणी आटलं की कंद मातीत झोपलेला. बारा महिने 28 अंशांच्या पाण्यात त्याला झोपच मिळत नाही आणि कंद कुजतो. बघायचाच असेल तर शिरवळहून साताऱ्यापर्यंत महामार्ग आणि पुढे कासचा रस्ता, पावसाळा सरताना.

छाटलेली झाडं कुठे टाकायची?

टँक चांगला चालला की ही अडचण येते. व्हॅलिसनेरिया सहा महिन्यांत अर्धा टँक व्यापते, हॉर्नवर्ट आठवड्याला मूठभर काढावं लागतं. ते बादलीत घालून गटारीत, ओढ्यात किंवा पुलावरून थेट नीरेत ओतलं जातं. माशांच्या बाबतीतही हेच घडतं. 'नदीत सोडले, पुण्य लागेल.'

जलपर्णी भारतात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेचं झाड म्हणून बंगालमध्ये आली. आज उजनीचं पाणलोट क्षेत्र आणि इचलकरंजीजवळची पंचगंगा तिने कशी भरते, हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतून आलेला कॅबोम्बा, जो आजही ॲक्वेरियमच्या दुकानात जुडीने विकला जातो, केरळच्या कालव्यांत पसरला आहे. आणि उलटही घडलं आहे. आपल्या तळ्यांत साधं शेवाळ म्हणून दुर्लक्षित असलेला हायड्रिला 1950च्या दशकात ॲक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात गेला. तिथे तो इतका माजला की त्याला आवरायला दरवर्षी लाखो डॉलर खर्च होतात. त्याचा बोटभर तुकडाही नवं झाड होऊ शकतो.

शिरवळच्या खाली वीर धरण आहे आणि तिथून नीरेचे डावा-उजवा कालवे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जातात. पुलावरून टाकलेल्या मुठीचा प्रवास कुठपर्यंत होऊ शकतो, हे नकाशात दिसतं.

छाटलेली झाडं गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरावीत. उन्हाळ्यात दोन दिवसांत, पावसाळ्यात आठवड्यात ती कुरकुरीत वाळतात. हॉर्नवर्टची टोकं जाड असतात, ती उलटून पाहावीत, आत ओली राहतात. वाळलेली झाडं हाताने चुरून कुंडीत घातली तर चांगलं खत होतं. टँकमधून काढलेलं जुनं पाणीही त्याच कुंड्यांना घालता येतं, फक्त त्यात मीठ किंवा माशांचं औषध टाकलेलं नसावं.